पोथीपासून पुस्तकापर्यंत

वसंत ऋतूत, दिवस मावळल्यावर, गावाने एकत्र बसून चार विचार ऐकावेत ही चाल न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यास घातली आणि पुढे ती महाराष्ट्रात गावोगाव रुजली. अशा मंडपात मी बरीच वर्षे कधी वक्ता, तर अधिक वेळा श्रोता म्हणून बसत आलो आहे. विषय कोणताही असो, व्याख्यान संपल्यावर पायरीपाशी एखादे गृहस्थ गाठतात आणि म्हणतात, "गुरुजी, बाकी सगळे खरे, पण आमची मुले काही वाचीत नाहीत. शाळेचे तेवढे वाचतात. लिहिणे म्हणाल तर पत्राच्या चार ओळी जमत नाहीत. ह्याला उपाय काय?" आज ह्या प्रश्नाचे उत्तर मी उपायाच्या रूपाने देणार नाही. मी इतिहासाचा माणूस आहे. मराठी मुलाला वाचनाची गोडी पूर्वी कशी लागत होती, कोणाला लागत होती आणि कोणाला लागू दिली जात नव्हती, हे पाहावे म्हणतो. त्यातून ज्याला जे घ्यायचे त्याने ते घ्यावे.

सुरुवातीला फार लांब जायला नको. आपल्या शेजारच्या सांगोले तालुक्यात नाझरे नावाचे गाव आहे. श्रीधर कवी तिथला. 'हरिविजय' 1702 साली, 'रामविजय' 1703 साली, 'पांडवप्रताप' 1712 साली आणि 'शिवलीलामृत' 1718 साली, असे त्याचे ग्रंथ एकामागून एक पुरे झाले. पंडितांनी श्रीधराला फार मोठा कवी कधी म्हटले नाही. मोरोपंतांची यमके त्याच्यापाशी नाहीत, मुक्तेश्वराची वर्णने नाहीत. पण महाराष्ट्रात घराघरांत जर कोणी वाचला गेला असेल तर तो श्रीधर. त्याची ओवी सोपी आहे आणि तिला कथा पुढे नेण्याची घाई आहे. ऐकणाऱ्या बाईचे लक्ष चुलीवरच्या भाकरीकडे गेले, तरी परत येते तेव्हा तिला कथा सापडते.

आता ह्या पोथ्या वाचल्या कशा जात, ते आठवा. चातुर्मासात, जेवणे आटोपल्यावर, ओसरीवर किंवा देवळात समईच्या उजेडात मंडळी जमत. आजोबांची दृष्टी अधू झालेली, वडील दिवसभराच्या कामाने पेंगुळलेले. मग घरातला आठनऊ वर्षांचा पोर पुढे केला जाई. कारण त्याचा आवाज स्वच्छ आणि अक्षरओळख ताजी. तो अडखळे, कोणी तरी चूक सुधारून देई. पण आज्या, काक्या, शेजारणी त्याच्या तोंडाकडे पाहत बसलेल्या असत, आणि द्रौपदीच्या वस्त्रहरणाशी तो आला की बायका पदराने डोळे पुशीत. आपण वाचल्याने मोठी माणसे रडतात, हसतात, गप्प होतात, हा अनुभव त्या वयात त्या पोराला मिळे. त्यानंतर त्याला वाचनाचे महत्त्व कोणी पटवून द्यावे लागत नसे.

हे चित्र रंगवून मी मोकळा झालो तर तो इतिहास होणार नाही. कारण ज्या ओसरीवर ही पोथी चाले तिच्यापाशी येण्याची सर्वांना मुभा नव्हती. ह्याच मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळून चोखोबा तिच्याखाली गेले. परंपरेने त्याचे साल 1338 दिले जाते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास नेल्या, आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली, हे तुम्हां मंडळींना मी सांगावे असे नाही. परंतु एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले ह्याची एक यादी वारकरी परंपरेत सांगतात. सावता माळ्याचे काशिबा गुरवाने, तसे चोखोबांचे अनंतभटाने. अनंतभटाचे आपल्यावर उपकार आहेत, ह्यात वाद नाही. तरीपण वाणी चोखोबांची आणि लेखणी दुसऱ्याची, ही स्थिती पुढे पाचशे वर्षे राहिली. हे ध्यानात ठेवा. पुढे मी ह्याकडे परत येणार आहे.

तेव्हाच्या शाळा कशा होत्या? गावठी शाळा म्हणजे कोणाच्या तरी पडवीत किंवा देवळात भरणारा वर्ग, आणि त्यात पंतोजी. लाकडी फळीवर विटेची भुकटी पसरायची की धूळपाटी झाली. तिच्यावर काडीने अक्षर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. हात वळला की बोरू, शाई आणि मोडी. त्याबरोबर पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. इंग्रजी राज्य आल्यावर 1820 ते 1830 च्या दरम्यान मुंबई सरकारने ह्या शाळांची जिल्हावार चौकशी केली. ते कागद पुढे रा. वि. परुळेकर यांनी मेहनतीने प्रसिद्ध केले. त्यांत कलेक्टरांची उत्तरे पाहिली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : शाळांत छापील पुस्तक नाही. हिशेब करणारा, कुळाचा कागद लिहिणारा, जमाखर्च ठेवणारा माणूस ह्या शाळेतून तयार होई आणि उत्तम तयार होई. वाचक तयार व्हावा ही तिच्याकडून अपेक्षाच नव्हती. तो ओसरीवर तयार होई.

ह्यात गंमत अशी की व्यवहाराची लिपी मोडी आणि पोथीची लिपी बाळबोध. बाळांना कळावी म्हणून बाळबोध असे नाव पडलेली ही लिपी पंतोजीच्या शाळेत दुय्यमच राहिली. मूल शाळेत एक लिपी गिरवी आणि घरी गोष्टीसाठी दुसरी वाची. आजची आपली तक्रार, की शाळेतले वाचन वेगळे आणि आवडीचे वेगळे, ही इतकी जुनी आहे.

मुलांसाठी मराठीत छापील पुस्तक पहिल्याने निघाले ते पुण्यातही नव्हे, मुंबईतही नव्हे. दूर तमिळ मुलुखात, तंजावरास, भोसले घराण्यातल्या सरफोजी राजांनी छापखाना घातला होता. तिथे 1806 साली इसापाच्या गोष्टींचे भाषांतर 'बालबोध मुक्तावली' ह्या नावाने छापले गेले. भाषांतरकार सख्खण पंडित. इकडे महाराष्ट्रात त्याची वार्ता फारशी पोहोचली नाही. इकडची सुरुवात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1828 साली केली. त्या वर्षी त्यांचे 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' अशी दोन पुस्तके आली, आणि 1830 साली 'वेताळपंचविशी'. 'बाळमित्रा'चे मूळ फ्रेंच, ते इंग्रजीवरून मराठीत आलेले. त्यातली मुले फारच शहाणी आहेत. खोटे बोलणाऱ्याला पानाच्या शेवटी शिक्षा झालीच पाहिजे, असा त्यांचा कायदा. पण भाषा मात्र छत्र्यांची घडीव, घरगुती. आणि वेताळ तर सर्वांच्या ओळखीचाच. म्हणून ही पुस्तके चालली.

आता मी सांगितलेल्या सूत्राकडे येतो. 1855 साल. जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत मुक्ता नावाची एक मांग समाजातली मुलगी शिकत होती. वय चौदा, शाळेत येऊन वर्षे झाली तीन. तिने एक निबंध लिहिला, आणि तो 'ज्ञानोदय' पत्राच्या 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 च्या अंकांत छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी, असा त्याचा विषय. पेशवाईत ह्या लोकांवर काय गुदरले, बाया उघड्यावर बाळंत होतात तेव्हा काय होते, ज्या धर्माचे ग्रंथ आम्ही पाहूही नये असे म्हणतात तो धर्म आमचा कसा, असे प्रश्न ती पोर विचारते. शेवटी आपल्याच लोकांना, अभ्यास करा म्हणून बजावते.

मंडळी, ह्या निबंधाचा विचार आपण बहुधा समाजसुधारणेच्या अंगाने करतो, आणि तो योग्यच आहे. मी मास्तर असल्याने मला त्यात आणखी एक दिसते. चौदा वर्षांच्या मुलीला इतके लिहिता आले ते कशामुळे? निबंध कसा लिहावा ह्याची पुस्तके तेव्हा तिला कोणी दिलेली नव्हती. तिच्यापाशी सांगण्यासारखे होते, ते आपल्या शब्दांत सांगण्याची मोकळीक तिच्या गुरूंनी तिला दिली, आणि ते छापून दुसऱ्यांनी वाचावे इतका मान त्या लिहिण्याला मिळाला. चोखोबांची लेखणी अनंतभटाच्या हाती होती. मुक्ताची तिच्या स्वतःच्या हाती होती. ह्या दोहोंमधले अंतर पाचशे वर्षांचे आणि एका शाळेचे. त्याच शाळांतली एक आठवण सांगतात, की बक्षीस समारंभात एका मुलीने मेजर कँडी साहेबाला म्हटले, आम्हांस खेळणी किंवा खाऊ नको, शाळेला पुस्तकालय द्या. मुलगी कोणती, ह्याविषयी सांगणारांचे एकमत नाही. मागणी मात्र त्या शाळांत शोभणारी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलांच्या वाचनासाठी एका माणसाने केलेले काम पाहिले की छाती दडपते. विनायक कोंडदेव ओक. जन्म 1840 चा, नोकरी शिक्षणखात्यातली. त्यांनी 1881 साली 'बालबोध' मासिक काढले आणि 1914 साली देह ठेवीपर्यंत चालविले. त्या मासिकातून त्यांनी 402 चरित्रे, 402 कविता, 402 निबंध आणि 402 शास्त्रीय विषय दिले, असा हिशेब नोंदलेला आहे. हा आकडा चारही ठिकाणी एकच का, ह्याचे मला पूर्वी नवल वाटे. मग वर्षे मोजली आणि उलगडा झाला. साडेतेहेतीस वर्षांचे महिने 402 होतात. दर महिन्याला एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय. आणि खंड नाही. घरी लग्न असो की गावात प्लेग असो, महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्यातला मुलगा टपालाची वाट पाहत आहे हे ओकांना ठाऊक होते. त्यांच्या मासिकात उपदेश जास्त, विनोद कमी. आजच्या मुलाला ते रुचणार नाही. पण दर महिन्याला आपल्या नावाने काही तरी येते, ह्या गोष्टीची जादू उपदेशाहून मोठी असते. पुढे 1906 साली वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' काढले. नावातच त्यांनी ओकांच्या पुढचे पाऊल टाकले होते. आणि सरकारी पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' 1971 साली आले.

छापील पुस्तके आली म्हणून ओसरीवरची पोथी संपली, असे मात्र झाले नाही. तिचे सर्वांत मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घरचे आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी ते स्वतःच सांगितले आहे. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी, शिस्तीचे. बहिणींना आणि घरी कथा ऐकण्यास येणाऱ्या लोकांना रामायण-महाभारतातले भाग मुलांनी वाचून दाखवावेत, असा त्यांचा आग्रह असे, आणि हे कित्येक वर्षे चालले. म्हणजे तीच ओसरी, तोच वाचणारा पोर. फक्त ज्यांना त्या ओसरीपासून दूर ठेवले होते त्यांच्या घरी ती आता आपल्या पायांनी आली होती. पुढे परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल त्यांच्या लोकांनी सभा भरविली. अध्यक्ष होते कृष्णराव अर्जुन केळुसकर. त्यांनी त्या मुलाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला दिलेले एक पुस्तक. त्याचा शेवट 1956 साली नागपुरास काय झाला ते आपण जाणताच. आणि 1948 साली बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत एक नाव मंगळवेढ्याच्या चोखोबांचे आहे.

साने गुरुजींविषयी सर्वांना माहीत असल्याने थोडक्यातच बोलतो. अमळनेरला ते 1924 ते 1930 शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून एक दैनिक काढीत. हस्तलिखित दैनिक! सकाळी मुले उठत तेव्हा गुरुजींच्या अक्षरातला अंक तयार असे. शाळेतल्या शंभर सूचनांनी जे होत नाही ते ह्या एका कागदाने होई, कारण तो कागद त्या मुलांसाठीच आणि त्यांच्याविषयीच असे. 'श्यामची आई' त्यांनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली, 1935 मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिची मांडणी पाहा. प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस रात्री. श्याम सांगतो आणि बाकीचे ऐकतात. पुस्तक झाले, तरी ती ओसरीच राहिली. तेच गुरुजी 1947 च्या मे महिन्यात आपल्या पंढरपुरास विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले. मुलांना गोष्ट सांगणारा माणूस आणि चोखोबांसाठी दार उघडा म्हणणारा माणूस हे दोन नव्हते.

येथवर वाचनाविषयी झाले. लिहिण्याविषयी माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती ह्याच तालुक्यातली आहे. कित्येक वर्षांपूर्वी मी पाचवीच्या वर्गाला 'माझा आवडता ऋतू' असा निबंध घातला. सर्वांनी 'वसंत ऋतू हा ऋतूंचा राजा आहे' असे लिहिले. एका मुलाने मात्र हिवाळा घेतला. मालदांडीची कणसे भरतात तेव्हा तो माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरे राखीत असे. थंडीने बोटे वळत नाहीत, दगड हातातून निसटतो, पाखरे हुशार असतात आणि माणूस झोपाळलेला बघून उतरतात, असे त्याने लिहिले होते. आणि ते घरच्या बोलीत होते. 'राखाया गेल्तो' असे शब्द. मी तांबडी शाई घेतली. एका पानात तेवीस खुणा केल्या. 'शुद्ध भाषा वापरावी' असा शेरा मारला. पोराने वही घेतली, पाहिली, मिटली. त्यानंतर वर्षभर त्याने जे जे लिहिले ते चार ओळींचे आणि निर्दोष होते.

रशियात टॉल्स्टॉयने 1859 च्या सुमारास आपल्या यास्नाया पोल्याना ह्या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली. तिथे तो मुलांबरोबर गोष्ट लिहायला बसला, तेव्हा मुले त्याला अडवू लागली : हा म्हातारा असे बोलणार नाही, ती बाई तसे करणार नाही. जगातल्या थोर कादंबरीकाराने ते ऐकून घेतले आणि 1862 साली लेख लिहिला, की लिहायला कोणी कोणापासून शिकावे, शेतकऱ्याच्या मुलांनी आपल्यापासून की आपण त्यांच्यापासून? तो लेख मी तांबडी शाई वापरण्यापूर्वी वाचला असता तर बरे झाले असते. आपल्याकडे कोल्हापुरास लीलाताई पाटील यांनी 1985 साली 'सृजन आनंद विद्यालय' काढले. तिथे मुलांनी स्वतः पाहिलेले, केलेले, भोगलेले लिहावे ह्यावर भर दिला गेला. शुद्धलेखन तिथे टाकून दिले नव्हते. पण मुलाने काय म्हटले आहे ते आधी आणि ऱ्हस्वदीर्घ नंतर, हा क्रम होता. माझा क्रम उलटा होता, एवढाच फरक. पण मुलाला तो एवढासा नसतो.

आता पायरीवर भेटणाऱ्या त्या गृहस्थांसाठी. त्यांच्या घरी पुस्तके नाहीत असे नाही. पूर्वी एका पोथीवर घर भागत असे. आता कपाट असते, खिशात फोन असतो आणि फोनात 'किशोर'चे जुने अंकही फुकट मिळतात. 2015 पासून 15 ऑक्टोबरला शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिन पाळतात. भिलारला 2017 साली पुस्तकांचे गाव झाले. ह्या गोष्टी चांगल्याच आहेत. उणीव असेल तर ती ऐकणाऱ्याची आहे. मूल वाचील, पण ऐकायला कोण बसणार? आई मालिका पाहते, बाप फोन पाहतो आणि दोघेही मुलाला म्हणतात, जा, वाचत बस. हे 'जा' श्रीधराच्या काळी नव्हते. तेव्हा 'ये' म्हणत.

माझी ह्या गावाला एक विनंती आहे, आणि ती खर्चाची नाही. आषाढीला दिंड्या येतात तेव्हा शाळकरी पोरे पाणी वाटायला रस्त्यावर असतात. ती वारकऱ्यांशी बोलतात. कोणी मराठवाड्यातला, कोणी कर्नाटकातला. त्या मुलांनी पाहिले ते त्यांनी आपल्या बोलीत लिहावे, आणि श्रावणात एका शनिवारी संध्याकाळी चोखोबांच्या ह्या गावात मोठ्या माणसांनी बसून ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. हजर राहणाऱ्यांनी तांबडी शाई घरी ठेवून यावे. मी येईन, मला एक जुनी वही फेडायची आहे.